डोळे शेवटी

३ मार्च

पोचले एकदाची! तीन बॅगा, त्यातली एक नुसती रंगांची आणि ब्रशांची. ती उचलताना टॅक्सीवाला कण्हला आणि म्हणाला की बाई, दगड भरलेत का. मी म्हटलं, हो, दगडच, पण दळलेले. त्याला ओ की ठो कळलं नाही, तरी हसला बिचारा. किती दिवसांनी मी कुणाला हसवलं कोण जाणे. मलाही बरं वाटलं.

घर टेकडीच्या उतारावर आहे, दुमजली, विटांचं, बाहेरून अगदी शहाण्यासारखं. मला वरची खोली दिली आहे आणि तिला उत्तरेकडे भिंतभर खिडकी! उत्तरेचा उजेड सकाळी दहाला जसा तसाच दुपारी चारला, सावल्या जागच्या हलत नाहीत. जन्मभर मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर भांडी सरकवून चित्रं केली, त्यामुळे इथे म्हणजे आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. मोठं टेबल, तिरका करता येणारा फळा, आणि पाण्यासाठी दोन भांडी मांडलेली: एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाणी घ्यायला. मांडणाऱ्याला जलरंग कळतात. मी मालकांना तसं म्हटलं तर म्हणाले की पूर्वी थोडा नाद होता.

मालक पंचाहत्तरीचे, निवृत्त दातांचे डॉक्टर. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, दातांकडे बघतात. मी दिवसभर ओठ मिटून हसले. घर सांभाळायला मावशी आहेत. त्या बोलतात कमी आणि वाढतात जास्त.

जेवणाच्या खोलीत एका बाईंचा मोठा फोटो आहे. मालक रोज सकाळी स्वतः काच पुसतात म्हणे. मी विचारलं, या कोण. मालकांनी जरा वेळ फोटोकडे बघितलं आणि म्हणाले की चांगली बाई असावी, बघा ना, किती मोकळं हसतेय. मला वाटलं थट्टा करताहेत, मी हसले. मावशी मात्र वाढता वाढता थांबल्या.

पोचल्याचा फोन केला. हे मला स्टेशनवर सोडायला आले ते एक हिरवा आणि एक तांबडा मोजा घालून. यांना रंगच कळत नाहीत, डॉक्टरांनी तसा कागद दिलेला आहे. चित्रकारणीला मिळून मिळून असा नवरा मिळाला म्हणून माझी ताई पंचवीस वर्षं हसते आहे. फोनवर म्हणाले की जेवलीस का, मी म्हटलं हो, आणि फोन ठेवला. हल्ली आमचं असंच होतं.

भोपळ्याचा, माझ्या लेकाचा, फोटो टेबलावर टेकवून ठेवला. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, टपाल तिकिटाएवढा. त्यात त्याचे डोळे नुसते काळे आलेत. तसे नव्हते ते. तपकिरी होते, आणि डाव्या बुबुळात खालच्या अंगाला मधाच्या रंगाचा एक ठिपका, तांदळाच्या कणीएवढा. उन्हात उभा राहिला की तो ठिपका पेटायचा. कुठल्याच फोटोत तो कधी आला नाही, आणि बापाला रंग कळत नाहीत, म्हणजे जगात तो फक्त मला माहीत. इथे लिहून ठेवते. तो गेल्याला चौदा महिने झाले आज.

५ मार्च

काम असं आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या एका जपानी सरदाराची पाच चित्रं: वय वर्षं सात, एकोणीस, तीस, पंचेचाळीस आणि साठ. मालक त्याचं नाव घेत नाहीत, नुसतं सरदार म्हणतात, जसा काही शेजारी राहतो.

त्याचं चिलखत खाली काचेच्या कपाटात आहे. लाख चढवलेले काळे पत्रे रेशमी दोरीने ओवलेले, डोक्यावर चंद्रकोरीचं शिरस्त्राण, आणि नाकापासून हनुवटीपर्यंत लोखंडी मुखवटा. त्या मुखवट्याला खऱ्या केसांच्या मिशा! शिरस्त्राण आणि मुखवटा यांच्या मधे, जिथे डोळे असायला हवेत तिथे, नुसती काळी फट. आत कुणी नाही हे माहीत असूनही मी घसा खाकरून खोलीत गेले.

लढाई संपली की मारलेल्या शत्रूंची डोकी सरदारापुढे आणायची. आधी बायकांनी ती धुवायची, केस विंचरायचे, पावडर लावायची. मग तो एकेक चेहरा निरखून बघायचा आणि पुढचं डोकं मागवायचा. असे हजारो बघितले म्हणे. म्हणूनच स्वतःचा चेहरा त्याने कुणाला काढू दिला नाही. चेहरा दुसऱ्याच्या हातात गेला की माणूस गेला, असं त्याचं म्हणणं. एकाने चोरून काढला तर समोर बसवून पाण्याने धुवायला लावला. तेव्हा तो दिसायचा कसा, हे आज कुणालाही ठाऊक नाही.

मी म्हटलं, मग मी काढू कुणाला? मालक म्हणाले की हाताला सुचेल. त्यांना काय, मापं घेतली की बसवली कवळी.

अटी दोन. चित्रं जलरंगातच हवीत. आणि पहिल्या चार चित्रांत त्याची नजर खाली पाहिजे, पाचव्यातच त्याने समोर बघायचं. हे दुसरं मला पटलं. माझाही पहिल्यापासून नियम आहे, डोळे शेवटी. एकदा डोळे झाले की चित्र बघायला लागतं आणि मग आपलं ऐकत नाही.

कागद मालकांनी तिकडून मागवलेला, हाताने केलेला, जुना. मोजून सहा ताव आहेत. पाच चित्रांचे पाच आणि एक चुकलं तर असावा म्हणून. पहिला भिजवून फळ्यावर ताणून ठेवला आहे.

११ मार्च

सात वर्षांचा सरदार झाला. जमलाय! शेंडी बांधलेली, खांद्यांना मोठा होणारा झगा, नजर पायाजवळच्या बेडकावर. बेडूक माझ्या पदरचा. मालकांनी जीवजंतूंबद्दल काही अट घातली नव्हती.

गालावरचा उजेड तर नुसता कागद आहे. लोकांना वाटतं पांढरा रंग लावतात. जलरंगात पांढरं लावायचं नसतं, ते राखायचं असतं. जिथे पांढरं हवं तिथे हात जाऊ द्यायचा नाही. भोपळ्याला हे समजावलं होतं तेव्हा तो म्हणाला होता की म्हणजे तू काही न करण्याचे पैसे घेतेस. आगाऊ कार्टं.

संध्याकाळी ब्रश धुताना लक्षात आलं. सरदाराचा उजवा कान वरून दुमडलेला आहे. तो भोपळ्याचा कान! जन्मला तेव्हापासून तसा, सुइणीने दाबून बघितलं, मी टोपीखाली महिनाभर पट्टी बांधली, कान आपला तो आपला. समोर नमुना नसला की हात ओळखीच्या घरी जातो. मी त्या कानावर बोट ठेवलं आणि खूप रडले, पण चांगल्या अर्थाने.

१३ मार्च

यांच्याशी बोलताना सांगितलं की कान आलाय त्याचा. हे म्हणाले की कुठला, उजवा ना. आणि मला सांगता येईना. परवा मीच इथे उजवा लिहिलंय ते वाचून सांगितलं. वाचलं तरी डोळ्यापुढे येत नाही, कान म्हटलं की नुसता कान. बावन्न संपतील आता, वयही झालंच की. हे म्हणाले की दुपारी झोपत जा.

१९ मार्च

एकोणीस वर्षांचा. आज सगळं लिहिणार आहे, कधी ना कधी लिहायचंच होतं.

दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत भोपळ्या मला म्हणाला होता की आई, जगाची तोंडं रंगवतेस, माझं एक काढ ना. गाल बसलेले, केस गेलेले, नाकात नळी. मी म्हटलं, आधी जरा गाल भर, असला सुकलेला भोपळा कोण काढणार. तो हसला. म्हणाला, बरं, मग नंतर. त्या आठवड्यात मी एका बँकेच्या निवृत्त साहेबांचं चित्र पुरं केलं, दुहेरी हनुवटीसकट, आणि तारखेला दिलं. नऊ दिवसांनी भोपळ्या गेला. जन्मदात्या आईने, जिचा धंदाच तोंडं काढायचा, पोराचं एक चित्र नाही काढलं. काढता आलं असतं. मला तो तसा बघवत नव्हता, एवढंच खरं. त्याने मागितलं आणि मी नाही म्हटलं.

तर आज हा एकोणीसचा सरदार फळ्यावर आहे आणि तो भोपळ्या आहे. जबडा त्याचा, वरच्या ओठाची कमान त्याची, समोरच्या दाताचा टवका त्याचा. आजारी नाही. गाल भरलेले. मी काही ठरवलं नव्हतं, शपथ. मालक आले, त्यांनी आधी दात बघितले, मग एकदम टाळी वाजवली आणि म्हणाले की हाच तो, हाच सरदार.

मी मनात म्हटलं, तुमचा असेल सरदार. माझं पोर आहे ते.

२० मार्च

फोटोला काहीतरी झालंय. ओठांच्या जागी फिकट डाग आहे, पाणी सांडून पुसल्यासारखा. मी पाणी फोटोजवळ नेत नाही. आणि आता मी डोळे मिटून त्याला हसवायला बघते तर वरचा अर्धा चेहरा हसतो, खाली काही नाही.

घाबरले. पण मग फळ्याकडे बघितलं. तिथे ओठ आहेत, जसेच्या तसे. हरवलं तर नाही ना, म्हणजे कुठेतरी आहेच.

२८ मार्च

तीस वर्षांचा भोपळ्या!

हो, भोपळ्याच म्हणणार. तो तिसाचा कधी झाला नाही, मी कधी बघितला नाही, आणि हा बघा. मानेला जाडी आलीय, कपाळ थोडं मागे गेलंय अगदी बापासारखं, मिशा ठेवल्यात. मिशा काही शोभत नाहीत. मी त्याला तसं सांगितलं. दिवसभर त्याच्याशी बोलत होते, लग्न केलंस का रे, बायको कशी आहे, मला भेटायला येतोस की नुसते फोन करतोस. हातातला ब्रश आपोआप चालत होता. चौदा महिन्यांत एवढा चांगला दिवस गेला नाही.

किंमत आहे हे मला कळलंय. मी काही खुळी नाही. इकडे कागदावर जे येतं ते तिकडे माझ्यातून जातं. आज कपाळ आणि नाक गेलं. फोटोत आता केस, डोळे, आणि खाली निळ्या शर्टाची कॉलर.

३० मार्च

मावशींनी आज दार लावून घेतलं आणि सांगितलं. फोटोतल्या बाई म्हणजे मालकीणबाई. चौतीस वर्षांचा संसार. त्या गेल्यावर मन रमवायला म्हणून मालकांनी स्वतःच सरदार रंगवायला घेतला. याच खोलीत, याच फळ्यावर. पाचव्या चित्राचे डोळे पुरे केले, हात धुतले, जेवायला खाली आले, आणि फोटोपुढे उभं राहून मावशींना विचारलं की या कोण. ती पाच चित्रं अजून कपाटात आहेत. मालकांना आवडत नाहीत. सरदार फार बायकी झालाय म्हणतात.

मावशी म्हणाल्या की ताई, तुम्ही जा. दोन लेकरं माझीही गेली आहेत, पण तोंडं अजून माझ्यापाशी आहेत, एवढंच काय ते आपलं असतं.

बॅगा भरल्या. उद्या सकाळची गाडी.

३१ मार्च

गेले नाही.

बॅग जिन्यात ठेवून एकदा शेवटचं बघायला वर आले, आणि मनात आलं की पंचेचाळिसाव्या वर्षी कसा दिसला असता? कानाला खडा लावला होता, तरी. कुणाच्या आईने ही दोन पावलं मागे फिरवली नसती? असली तर तिने मला नावं ठेवावीत.

एवढं एकच काढते.

६ एप्रिल

पंचेचाळीस. कानशिलावर पांढरे केस. पांढरे म्हणजे कोरा कागद, माहीत आहे, तरी मी त्यांवरून हात फिरवला. गालाला खळगे पडलेत पण आजाराचे नाहीत, वयाचे. थकलेला दिसतो. काळजी करतो वाटतं कुणाची तरी. मुलं असतील.

फोटोत आता दोनच डोळे आहेत आणि कॉलर. मधे कोरं.

हे फोनवर म्हणाले की परत ये. घरच्या भिंतीवरच्या त्याच्या फोटोच्या काचेला आतून ओल आल्यासारखं झालंय, पुसून जात नाही. मी म्हटलं, एकच राहिलंय. हे म्हणाले की काय राहिलंय, कशासाठी करतेस. मी फोन ठेवला. यांना काय सांगू, पोरगा म्हातारा होताना बघतेय म्हणून?

१० एप्रिल

साठ. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा माझा मुलगा. तोंडावर सुरकुत्या, मान ताठ. सगळं झालं, डोळे सोडून. तिथे कागद राखलाय.

डोळे काढणार नाही. ठरलंय. डोळे काढले की संपलं, मालकांचं झालं तसं. ते दोन डोळे आणि त्यांतलं ते, फक्त मला माहीत असलेलं, माझ्यापाशी राहतील. तेवढ्यावर मी जगेन. मालक रुसतील तर रुसोत.

उद्या कागद सोडवायचा, बॅगा भरायच्या, जायचं.

१२ एप्रिल

काढले.

दोन दिवस त्याच्यापुढे बसून होते. एवढा म्हातारा झालास, एकदा वर बघ ना रे. चौदा— नाही, पंधरा महिने झाले, कुणी मला आई म्हणून बघितलं नाही. एकदाच. एकदाच बघू दे, मग ने काय न्यायचं ते. म्हणून काढले. आधी एक, मग दुसरा, आणि शेवटी ते, जे फक्त मला माहीत, सगळ्यात बारीक ब्रशने.

बघितलं त्याने.

तो भोपळ्या नव्हता. चेहरा सगळा त्याचा आणि बघणारा दुसराच. माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत बघितलं, निरखून, सावकाश. धुऊन विंचरून पुढे ठेवलेलं डोकं बघावं तसं. आणि मग, मी लिहू कसं, पुढचं मागवल्यासारखं माझ्या पलीकडे बघितलं.

खाली मालक टाळ्या वाजवत होते.

१३ एप्रिल, सकाळ

काही नाही. डोळे मिटले की काही नाही. मला मुलगा होता हे माहीत आहे. टोपीखालची पट्टी, दवाखाना, नऊ दिवस, सगळं माहीत आहे. मधे चेहरा नाही. फोटोत कॉलर आहे, वर पांढरा कागद.

यांना फोन केला. म्हटलं, तो कसा दिसायचा सांगा, सगळं सांगा, मी लिहून घेते. हे आधी चिडले, मग रडले, मग सांगितलं. उजवा कान दुमडलेला. दाताला टवका, सायकलवरून पडला तेव्हाचा. नाक तुझ्या आईसारखं. मी म्हटलं, डोळे? म्हणाले की डोळ्यांसारखे डोळे, काळे असतील, मला काय रंग कळतात, तूच म्हणायचीस की त्याच्या डोळ्यात काहीतरी आहे, मला ते कधी दिसलं नाही गं.

हे निघालेत. उद्या संध्याकाळी पोचतील.

१३ एप्रिल, दुपार

सुचलं!! अहो, जलरंग आहे हा. तेलरंग थोडाच आहे. जलरंग उचलता येतो— ओला करायचा, स्पंजाने टिपायचा, कागद मोकळा. पोरं पहिल्या वर्षी शिकतात. त्याने नेलं ते कागदावर आहे, कागदावरून काढलं की परत येईल. जाईल कुठे? माझंच आहे.

परात भरून पाणी आणलं. मावशी नको म्हणत होत्या. दाराला कडी लावली.

साठापासून सुरुवात केली. त्याने माझ्याकडे बघू नये म्हणून आधी डोळे— मग पंचेचाळीस— तीस— एकोणीस, तो ओठ, तेव्हा स्पंज मागे घेतला, पण म्हटलं परत येतोय ना— मग सात. बेडूकसुद्धा.

पाच कागद कोरे. वाट बघितली. तास झाला.

आलं नाही काही.

इथे नाही, तिथे नाही. तो परातीत आहे. तपकिरी पाणी. पाच डोकी धुतली मी माझ्या हाताने. सरदाराकडच्या बायका धुवायच्या तशी. त्याने हेच करवून घेतलं— काय केलं मी, भोपळ्या, काय केलं हे मी

परात हिंदकळली, रोजनिशी भिजली. पहिली पानं. शाईच्या पेनाने लिहायची हौस. वाळत घातली आहेत.

१४ एप्रिल

सहावा ताव आहे. राखलेला.

पाणी फेकलं नाही. मावशी ओतायला आल्या होत्या, मी परातीवर आडवी पडले. तो यातच आहे. दुसरा रंग घेतलाच नाही, याच पाण्यात ब्रश बुडवते आहे. तळाशी बसायच्या आत—

त्याला काढते आहे. त्याने मागितलं होतं तसा. सरदार नाही, झगा नाही, गाल भरलेले नाहीत. पलंगावरचा. नळीसकट. तेव्हाच काढायला हवा होता.

येतोय.

कान आला. यांनी सांगितला म्हणून नाही, आपणहून आला, वरून दुमडलेला. जबडा. बसलेले गाल— किती बारीक झाला होतास रे. डोकं गुळगुळीत, तिथे कागद सोडला. ओठ. हसतोय. सुकलेला भोपळा म्हटल्यावर हसला होता तसा. अगं बाई, हाच. हाच तो. माझा—

दुपार. परातीत बोटभर पाणी उरलं.

डोळे राहिलेत. डोळे शेवटी.

तपकिरी काढू? काळे? यांनी काळे म्हटलं, यांना काय कळतं. डोळ्यात काहीतरी होतं. मला एकटीला माहीत होतं, एवढं आठवतं. काहीतरी होतं. कुठल्या डोळ्यात? काय?

तो डोळ्यांच्या जागी कोरा कागद घेऊन माझ्याकडे बघत हसतोय. थांब रे, थांब सोन्या. नंतर नाही म्हणणार आता. मी लिहिलं होतं. नक्की लिहिलं होतं, पोचले त्या दिवशीच, पहिल्याच पानावर, लिहून ठेवते असं म्हणून—

पान काढलं. टॅक्सीवाला आहे. खिडकी आहे. मोजे आहेत. त्याखाली सगळं निळं पाणी. एक अक्षर लागत नाही. उजेडासमोर धरलं, पाठीमागून बघितलं—

ब्रशावरचा थेंब वाळतोय. कुणाला माहीत असेल तर— कुणी वाचलं असेल तर सांगा हो, माझ्या पोराच्या डोळ्यात—